लस नाकारलेली मुले आणि लस निसटलेली मुले

लहान मुलांच्या लसीकरणाचा प्रचार करावा का, किती करावा, यावर आपल्याकडे जी चर्चा होते तिच्यात दोनच पात्रे असतात. लस द्या म्हणणारे डॉक्टर आणि नको म्हणणारे पालक. कोल्हापूर जिल्ह्यात ऊस गाळपाच्या हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरात फिरले, तर तिसरे पात्र दिसते. ते नको म्हणत नाही, त्याला कुणी विचारलेलेच नसते. या पात्राला वगळून केलेला प्रचाराचा विचार अपुरा राहतो, आणि का राहतो हे गोवराच्या गणितावरून चांगले कळते.

कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. बारापैकी अकरा जण आधीच सुरक्षित असतील तर एकापासून एकालाच लागण होते आणि साथ जागच्या जागी राहते. याहून जास्त जण सुरक्षित असतील तर ती विझते. अकरा भागिले बारा म्हणजे सुमारे ९२ टक्के, सतरा भागिले अठरा म्हणजे ९४ टक्क्यांच्या थोडे वर. सरकारी फलकांवरचा ९५ टक्क्यांचा आकडा येतो तो इथून. त्यात आणखी एक मेख आहे. नवव्या महिन्यात दिलेली गोवर-रुबेलाची पहिली मात्रा शंभरातल्या सुमारे ८५ मुलांनाच लागू पडते. म्हणजे गावातल्या एकूण एक मुलाला ही एकच मात्रा दिली, तरी पंधरा मुले उघडीच राहतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानची दुसरी मात्रा मुख्यतः या पंधरांसाठी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत देशातल्या १२ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी ७६.४ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले. २०१५–१६ मध्ये हा आकडा ६२ होता. प्रगती मोठी होती, पण ९५ तेव्हाही दूरच होते.

सरासरीत एक फसवणूकही असते. समजा, एका तालुक्यात दहा हजार लहान मुले आहेत आणि ९६ टक्क्यांना लस मिळून ती लागूही पडली आहे. उरली चारशे. ती गावोगाव विखुरलेली असतील तर गोवराला पाय रोवायला जागा नाही. तीच चारशे मुले आठ-दहा वस्त्यांत एकवटलेली असतील, तर तालुक्याचा आकडा उत्तम असूनही त्या वस्त्यांत साथ येऊ शकते. मुंबईत २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीच्या दाट वस्तीतून गोवर उसळला आणि मुले दगावली, तेव्हा हेच दिसले. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. तेव्हा किती मुले राहिली यापेक्षा कुठली राहिली आणि कशाने राहिली, हा प्रश्न आधीचा. राहिलेल्यांचे मला तीन गट करावेसे वाटतात. नकार दिलेले, धास्तीने थांबलेले आणि निसटलेले.

नकाराचा इतिहास जुना आहे, आणि तो अडाण्यांचा मुळीच नाही. गांधीजींनी देवीच्या लसीविरुद्ध लिहिले होते. राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, १९५५ मध्ये क्षयावरच्या बीसीजी लसीच्या मोहिमेला उघड विरोध करणारी पुस्तिका काढली. राजाजींच्या शंकेचा काही भाग पुढे खरा ठरला. तमिळनाडूतल्या चिंगलपेट भागात १९६८ पासून चाललेल्या प्रचंड चाचणीत बीसीजीने मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण दिल्याचे आढळले नाही. तरीही जन्मलेल्या बाळाच्या दंडावर ती आजही टोचतात, कारण तान्ह्या मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय यांना ती आवर घालते. लसीचा उपयोग नेमका कशापुरता आहे हे सांगितले, तर विरोधकाचा निम्मा मुद्दा मान्य करूनही लस देता येते. प्रचारकांना हे सहसा जमत नाही. त्यांना सगळेच शंभर टक्के हवे असते.

दुसरा गट धास्तीचा, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम शाळांमधून सुरू झाली, तेव्हा व्हॉट्सअॅपवर अफवांचे पेव फुटले. शाळेत रांगेत उभ्या मुलांपैकी एकाला भोवळ आली की पाठोपाठ आणखी काहींना येते. हा सुईच्या भीतीचा परिणाम असतो, औषधाचा नव्हे, पण घरी निरोप जातो तो 'लसीनं पोरं पडली' असाच. त्यातच ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजले गेले. मुले बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. लसीचा यात काहीच दोष नव्हता. पण ही बातमी वाचलेल्या आईला 'घाबरू नका' एवढे सांगून भागत नाही. तिला लस आणि लस देणारी यंत्रणा यांत फरक दिसत नाही, आणि तिच्या जागी उभे राहिले तर तो दिसावा अशी अपेक्षाही अन्यायाची.

इथे प्रचाराची कसोटी लागते. लस पूर्ण निर्धोक आहे असे सांगणे खोटे आहे. अमेरिकेत रोटाव्हायरसची रोटाशील्ड नावाची पहिली लस आतड्यात आतडे अडकण्याच्या धोक्यामुळे १९९९ मध्ये बाजारातून काढावी लागली. धोका होता दर दहा हजारांमागे सुमारे एका बाळाला. तोंडाने द्यायच्या पोलिओच्या लसीतून क्वचित पोलिओ होतो, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तिच्यातला दुसऱ्या प्रकारचा विषाणू भारतानेही वगळला. हे दोन्ही दोष लसीकरण करणाऱ्यांनीच नोंदी ठेवून शोधले. दुसरीकडे, गोवराच्या लसीने स्वमग्नता येते हा दावा १९९८ मध्ये फक्त बारा मुलांवरच्या निबंधातून आला. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात असा काही संबंध सापडला नाही. खरा धोका आणि खोटा धोका वेगळा कसा निघतो हे दाखवायला या गोष्टी घोषणांपेक्षा जास्त कामाच्या आहेत. परिचारिकेने प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असा नियमच आहे. आज कुठली लस दिली, तिच्याने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे, पुन्हा कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवायचे. रांग मोठी असली की यातली दुसरी गोष्ट सर्वात आधी गळते. मग रात्री बाळाला ताप येतो आणि पुढच्या तारखेला आई येत नाही.

तिसरा गट कोल्हापूरचा खास. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास इकडे येतात, करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि मार्च-एप्रिलला माघारी जातात. वीटभट्ट्यांचा हंगामही साधारण याच काळात असतो. आता लसीचे वेळापत्रक या हंगामावर ठेवून पाहू. बाळ १ सप्टेंबरला जन्मले, तर सहाव्या आठवड्याची पेंटा, पोलिओ, रोटा या लसींची मात्रा १३ ऑक्टोबरला येते आणि कदाचित गावी मिळते. दहावा आठवडा १० नोव्हेंबरला, चौदावा ८ डिसेंबरला, म्हणजे दोन्ही फडात. बाळ १ फेब्रुवारीचे असेल तर गोवराची पहिली मात्रा १ नोव्हेंबरला येते, नेमकी ट्रक भरण्याच्या गडबडीत. वर्षातल्या कुठल्याही महिन्यात जन्मलेले मूल घ्या, त्याची एखादी तरी तारीख हंगामात सापडतेच.

गावाकडच्या आशाताईच्या वहीत हे मूल 'स्थलांतरित' होते. इकडच्या उपकेंद्राचे उद्दिष्ट इथल्या जन्मांवरून ठरलेले असते, त्यात ते नसते. दोन वह्यांच्या मधल्या जागेत ते हिवाळा काढते. कोपीतल्या आईला लसीबद्दल आक्षेप नसतो. तिचा हिशोब निराळा असतो. 'लस दिली की लेकरू रातभर रडतंय, अन् दुसऱ्या दिवशी खाडा पडतो' असे ती म्हणते, आणि ते शब्दशः खरे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक बसला तर कोयता बसतो, आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. लसीकरणाचे सत्र दिवसा असते. दिवसा ती फडात असते.

यावर भित्तिपत्रक काय करणार? कायदाही फारसे काही करत नाही. इंग्लंडने देवीची लस १८५३ मध्ये सक्तीची केली, लेस्टर शहरात १८८५ मध्ये तिच्याविरुद्ध मोठी निदर्शने झाली, आणि १८९८ मध्ये सद्‌सद्विवेकाच्या आधारे नकार द्यायची मुभा द्यावी लागली. सक्तीचा रोख नकार देणाऱ्याकडे असतो. निसटलेल्या मुलाचा पत्ताच तिला ठाऊक नसतो.

निसटणे थांबवायचे उपाय रूक्ष आहेत, म्हणूनच कदाचित त्यांच्यावर भाषणे होत नाहीत. सत्र कोप्यांजवळ आणि संध्याकाळी लावणे हा पहिला. कुपी उघडण्याचा दुसरा. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची लस द्रावकात मिसळली की ती कुपी चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एकच मूल आले तरी कुपी उघडावी असे धोरण सांगते. वाया जाण्याच्या भीतीने 'पुढच्या बुधवारी या' असे एखादी परिचारिका म्हणाली, तर गावच्या बाळाचा आठवडा जातो आणि फडातल्या बाळाची मात्राच जाते, कारण पुढच्या बुधवारी टोळी दुसऱ्या शिवारात असते. कार्ड हरवले म्हणूनही कुणाला परत पाठवायचे कारण नाही. चुकलेल्या वेळापत्रकात मात्रा पहिल्यापासून मोजायच्या नसतात, थांबल्या तिथून पुढे द्यायच्या असतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत चालते.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यने वीटभट्ट्या आणि फिरत्या वस्त्या डोळ्यांसमोर ठेवल्या, त्याचा फायदा झाला. पण मोहीम काही दिवसांची असते आणि हंगाम पाच महिन्यांचा. कारखान्याकडे मात्र हंगामाआधीच मुकादमांशी झालेले करार असतात, कुठल्या तालुक्यातून किती कोयते येणार हे त्यावर असते. त्याच कागदावर पाच वर्षांखालच्या मुलांचा एक रकाना घालून त्याची प्रत दिवाळीआधी प्राथमिक आरोग्य केंद्राला दिली, तर परिचारिकेला उसाच्या फडात मुले शोधत फिरावे लागणार नाही. तिच्या उद्दिष्टात ती मुले धरायची की बीडच्या उद्दिष्टात, हे मात्र आरोग्य खात्यालाच ठरवावे लागेल.