सामायिक पात्र आणि प्रतिबंधाचा अधिकार : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

सार्वजनिक कचराकुंडीत कोणी काय टाकावे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. महाडपुरता तरी तो चवदार तळ्यापासून पाहावा लागतो. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याच्या मालमत्ताविषयक कलमाने सार्वजनिक तळी नगरपालिकेकडे सोपविली. रस्ते, घरे व शौचकूप यांतून तिने गोळा केलेला केरकचराही त्याच कलमाने तिच्या मालकीचा ठरविला. पाणी आणि कचरा यांचा मालक एकच झाला.

५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेथील पाणी घेतले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले व पुढे दावा लावला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अनादी रूढी सिद्ध झाली नाही. येथे प्रतिबंध माणसावर होता, पाण्यात काय पडते यावर नव्हता. गावाची घाण उपसण्याचे काम मात्र बहुतांशी अस्पृश्यांकडेच होते, हेही विसरता येत नाही.

पुढील कायद्यांनी प्रतिबंधाचा रोख वस्तूकडे वळविला. २००० च्या नागरी घनकचरा नियमांनी औद्योगिक घातक कचरा नागरी कचऱ्याच्या व्याख्येतून वगळला. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण कचरा निर्माण करणाऱ्यावरच सोपविले. परंतु वस्तू ओळखणे सोपे नसते. महाड औद्योगिक वसाहतीतील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हेही एक सामायिक पात्रच होय. अशा केंद्रात सांडपाणी एकत्र आले की कोणाचे कोणते, हे सांगणे दुरापास्त होते. एखाद्याने रात्री तीव्र आम्लयुक्त पाणी सोडले तर प्रक्रिया करणारे जिवाणू मरतात आणि नियम पाळणाऱ्या सभासदाचे पाणीही अशुद्धच बाहेर पडते. म्हणून केंद्राच्या तोंडाशी पहारा ठेवून भागत नाही. प्रत्येक कारखान्याच्या दाराशी प्रवाहमापक व नमुना-तपासणी हवी. टँकरने जाणाऱ्या मालाची नोंद पाठविणाऱ्याकडे आणि स्वीकारणाऱ्याकडेही असावी लागते. कुंडीवर ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी लावणे त्या मानाने फारच स्वस्त आहे!

पोलादपूर सावित्रीच्या वरच्या अंगाला आहे. तेथील ग्रामपंचायतीची पुढे नगरपंचायत झाली. महाडचा कारभार वेगळा, नदी मात्र एकच. वर टाकलेले खाली येते आणि टाकणाऱ्यावर कारवाईचा अधिकार खालच्या संस्थेला नसतो.

जुलै २०२१ च्या महापुरानंतर तर कुंडी, रस्ता आणि घर हा भेदच उरला नाही. चिखलात भिजलेले धान्य, गाद्या, दुकानांतील माल लोकांनी दारासमोर टाकला. दुसरे काही करणे शक्यच नव्हते. तो उचलण्यासाठी इतर शहरांच्या महानगरपालिकांचे सफाई कामगार महाडला आले. उचलेपर्यंत तो माल ज्याचा त्याचा होता आणि उचलल्यावर, जुन्या कलमाच्या न्यायाने, नगरपालिकेचा.