नळाला दिवसातून दोनच तास पाणी का येतं? आणि पहिल्या पाच मिनिटांचं पाणी गढूळ का असतं?

‘पाणी आलं!’ ही हाक महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात ऐकू येते. हाक आली की हंडे, कळश्या, पिंपं सरसावतात, कुणी पंपाचं बटण दाबतं, कुणी झोपेतून उठून नळाकडे पळतं. ही हाक इतकी अंगवळणी पडलीय की त्यात काही विचित्र आहे असं वाटतच नाही. वीज गेली की आपण चिडतो. पाणी मात्र बावीस तास गेलेलंच असतं आणि दोन तास ‘येतं’.

मुंबईत बहुतेक भागांत पाणी रोज ठरावीक तास येतं. सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये तर वर्षानुवर्षं काही दिवसांआड. उजनी आणि जायकवाडीसारखी मोठी धरणं हाताशी असूनही.

मग प्रश्न असा, की पाणी नाही म्हणून ते तासांवर मिळतं का?

पाणी खरंच कमी आहे?

काही शहरांत आहे, पण उत्तर तेवढंच असतं तर मुंबईचा हिशोब लागला नसता. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात ठिकाणांहून मुंबईला दररोज सुमारे ३,८०० ते ४,००० दशलक्ष लीटर पाणी मिळतं. यातला विहार तलाव १८६० सालचा, तर मध्य वैतरणा धरण २०१४ मधलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती १ कोटी २४ लाख. साधा भागाकार केला तर माणशी ३०० लीटर निघतात. आज लोकसंख्या वाढलीय, या पाण्यात कारखाने, हॉटेलं, कार्यालयं यांचाही वाटा आहे, आणि पाव ते एक तृतीयांश पाणी गळतीत किंवा चोरीत जातं. हे सगळं वजा केलं तरी आकडा नगण्य राहत नाही. महानगरांसाठी केंद्र सरकारचा ठरलेला निकष माणशी १५० लीटरचा आहे.

म्हणजे मुंबईत मुद्दा फक्त किती पाणी आहे हा नाही. ते वाटलं कसं जातं, हा आहे.

चावीवाले कोण असतात?

धरणांतलं पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं आणि तिथून शहरातल्या टेकड्यांवरच्या मोठमोठ्या टाक्यांत जातं. यांना सेवा जलाशय म्हणतात. मलबार हिलचं हँगिंग गार्डन अनेकांनी पाहिलेलं असतं, पण ती बाग अशाच एका जलाशयाच्या छतावर आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरची जोसेफ बाप्टिस्टा बागही तशीच.

जलाशय उंचावर का? तर पाणी उतारानं, स्वतःच्या दाबानं खाली घराघरांत जावं म्हणून. पण सगळ्या भागांना एकदम पाणी सोडलं तर दाब वाटला जातो आणि टोकाच्या वस्तीत नळातून फक्त हवा येते. म्हणून शहराचे छोटे छोटे विभाग पाडलेत. एका विभागाला पाणी द्यायचं, मग त्याचा व्हॉल्व्ह बंद करून पुढच्याचा उघडायचा.

हे काम करणारा महापालिकेचा कर्मचारी म्हणजे चावीवाला. लांब लोखंडी दांडा घेऊन तो रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह फिरवतो. दिवसरात्र, शेकडो ठिकाणी. मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी मुंबईच्या पाण्यावर ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक लिहिलंय (२०१७), त्यात या चावीवाल्यांबद्दल सविस्तर वाचायला मिळतं. कुठल्या वस्तीत व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, यावर कुणाचा हंडा भरणार हे ठरतं. त्यामुळे चावीवाल्याची वेळ, नगरसेवकाचा फोन आणि गल्लीतलं राजकारण हे सगळं एकाच झाकणाखाली असतं म्हणा ना.

रिकामा पाइप धोकादायक का?

तासांवर पाणी म्हणजे गैरसोय, एवढंच आपल्याला वाटतं. खरी गडबड मात्र पाणी बंद असताना, जमिनीखाली होते.

जलवाहिनी भरलेली असते तेव्हा तिच्यात दाब असतो. जोड सैल असेल किंवा गंजून भोक पडलं असेल तर पाणी आतून बाहेर जातं. म्हणजे गळती होते, पण बाहेरची घाण आत येत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की चित्र उलटतं. उरलेलं पाणी सखल भागातल्या नळांतून निघून जातं, वरच्या भागातला पाइप रिकामा होतो आणि आत चक्क ओढ तयार होते. स्ट्रॉमधून सरबत ओढावं तसं. त्याच भोकातून आता बाहेरचं पाणी आत येतं.

बाहेर काय असतं? आपल्या गल्ल्यांत जलवाहिनी, मैलावाहिनी आणि पावसाळी गटार बहुतेकदा शेजारी शेजारीच असतात. अनेक वस्त्यांत तर घरगुती नळजोडणीचे बारीक पाइप थेट उघड्या गटारातूनच गेलेले दिसतात. मैलावाहिनी झिरपत असेल तर तिच्या आजूबाजूची ओली माती तेच पाणी घेऊन बसलेली असते. पुढच्या वेळी पाणी सुटलं की हे सगळं ढकललं जातं आणि सगळ्यात आधी तुमच्या नळातून बाहेर पडतं. पहिल्या काही मिनिटांचं गढूळ, पिवळट, कधी वास मारणारं पाणी ते हेच. त्यात पाइपाच्या आतला गंज आणि गाळही असतो, कारण रिकाम्या पाइपात पाणी जोरात शिरतं तेव्हा आतला थर खरवडून निघतो.

यावर सगळ्यात वाईट भर घालतो तो नळाला थेट लावलेला पंप. विदर्भात ज्याला टुल्लू पंप म्हणतात तो. दाब कमी आहे म्हणून एक जण पंप लावतो, त्यामुळे शेजाऱ्याचं पाणी कमी होतं, मग शेजारीही लावतो. हे पंप पाइपातून पाणी ओढतात, म्हणजे पाणी चालू असतानाही पाइपात ओढ तयार होते आणि भोकांतून घाण आत यायला वाट मिळते. नळाला थेट पंप लावणं बेकायदा आहे, महापालिका ते जप्तही करतात. पण वरच्या मजल्यावर पाणीच चढत नसेल तर लोक करणार काय, हाही प्रश्न खराच आहे.

शुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छ निघालं म्हणजे काम झालं, असं म्हणूनच म्हणता येत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा दूषित पाण्याबरोबर गळक्या वाहिन्यांकडेही बोट दाखवलं गेलं.

हुबळी-धारवाडमध्ये काय दिसलं?

याचा चांगला पुरावा शेजारच्या कर्नाटकात मिळाला. हुबळी-धारवाडमध्ये २००८ च्या सुमारास काही भागांत नवे पाइप टाकून चोवीस तास पाणी सुरू झालं. लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के लोकांना ते मिळालं, बाकीच्यांना पूर्वीसारखंच काही दिवसांआड. शहर एकच, व्यवस्था दोन. तुलना करायला यापेक्षा सोयीची जागा मिळणं कठीण.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. विष्ठेतून पाणी दूषित झालंय का हे ई. कोलाय जिवाणूवरून कळतं. चोवीस तास पाणी असलेल्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत तो सापडला. दिवसांआड पाण्याच्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत.

पुढच्या अभ्यासात चोवीस तास पाण्याच्या भागात टायफॉइडचे रुग्ण असलेली घरं ४२ टक्क्यांनी कमी दिसली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबात मात्र एकूण फारसा फरक दिसला नाही. गरीब घरांतल्या मुलांत रक्त पडणारे जुलाब कमी होते. म्हणजे चोवीस तास पाणी ही जादूची कांडी नाही. पण नळातल्या पाण्याचा फरक इतका मोठा आहे की तो दुर्लक्षून चालणार नाही.

मग चोवीस तास पाणी का सोडत नाहीत?

कारण पाइप गळके आहेत. दोन तास पाणी सोडलं तर दोन तास गळती होते. त्याच पाइपांत चोवीस तास दाब ठेवला तर गळतीही चोवीस तास, आणि जलाशय दुपारपर्यंतच रिकामा. म्हणजे आधी वाहिन्या बदलायच्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसवायचं, विभागागणिक किती पाणी गेलं आणि किती पोचलं हे मोजायचं, आणि मगच व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवायचा. हे काम खर्चिक आहे, रस्ते खोदणारं आहे आणि मतं मिळवून देणारं तर अजिबात नाही. नव्या धरणाचं भूमिपूजन होतं, बदललेल्या पाइपाचं कुणी करत नाही.

मीटर आणि खासगी कंपनी या दोन शब्दांवरून वादही झालेत. मुंबईत २००६-०७ च्या सुमारास अंधेरी पूर्व भागातल्या पाण्याच्या खासगीकरणाच्या प्रस्तावाला जोरदार विरोध झाला. नागपुरात २०१२ पासून खासगी कंपनीमार्फत चोवीस तास पाण्याची योजना सुरू आहे आणि बिलांवरच्या तक्रारीही तेव्हापासूनच्याच आहेत. मुंबईत २०१४ मध्ये मुलुंड आणि वांद्रे पश्चिममध्ये असा प्रयोग हाती घेतला गेला, पण शहर आजही तासांवरच आहे.

जमलेली उदाहरणंही आहेत. कराडला लागून असलेल्या मलकापूरनं नवे प्लॅस्टिकचे पाइप, प्रत्येक घराला मीटर आणि जास्त वापराला चढा दर या तीन गोष्टींवर चोवीस तास पाणी दिलं. ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून थेट नळाचं पाणी प्या, असं सरकारच सांगतं. दोन्ही शहरं मुंबईच्या मानानं लहान आहेत, हे खरं.

तोपर्यंत घरी काय करायचं?

पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते धुण्याला किंवा झाडांना वापरा. गच्चीवरची आणि जमिनीखालची टाकी वेळोवेळी साफ करून घ्या, कारण साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसतंय का आणि ती गटाराच्या चेंबरला चिकटून तर नाही ना, तेही बघा. नळाच्या पाण्यात लीटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. आरोग्य कर्मचारी ‘ओटी टेस्ट’ करतात ती याचसाठी. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर पाणी उकळूनच प्यायचं आणि वॉर्ड ऑफिसला कळवायचं. एकाच गल्लीतल्या तीन-चार घरांत एकाच आठवड्यात जुलाब किंवा कावीळ दिसली तर वाट बघत बसू नका. तक्रारीत पाणी कोणत्या वेळी आलं आणि किती मिनिटं गढूळ होतं हे लिहा, म्हणजे कुठल्या व्हॉल्व्हनंतरचा पाइप फुटलाय हे अभियंत्याला शोधता येतं.