सोलापूरची सडक आणि रणगाड्यांची वाट

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय लष्कराची पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूरकडून हैदराबादच्या सडकेने निझामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली. लष्करी दप्तरात या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे आहे. सोलापूर आणि मराठवाड्यात मात्र ती आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणूनच ओळखली जाते.

सोलापूरच्या निवडीमागे भूगोल होता. जिल्हा मुंबई इलाख्यातला, पण निझामाची हद्द जवळच. संस्थानातून बाहेर पडलेल्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी आपले सरहद्दीवरचे कँप याच पट्ट्यात उभारले होते. शिवाय सोलापूर मुंबई–मद्रास लोहमार्गावर आहे. लांबचा पल्ला रणगाडा स्वतःच्या पट्ट्यांवर सहसा तोडत नाही. पट्टे झिजतात, इंजिन थकते आणि इंधन अफाट लागते. रणगाडे आगगाडीने शक्य तितके पुढे न्यायचे आणि तिथून लढाईला सोडायचे, ही जगभरची रीत. सोलापूरहून हैदराबादपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरची सडक सरळ पूर्वेकडे जात होती.

मोहिमेचा मूळ आराखडा दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांचा. त्यांच्यानंतर राजेंद्रसिंहजी जाडेजा यांच्या देखरेखीखाली तो अमलात आला आणि पश्चिमेकडच्या मुख्य चढाईचे नेतृत्व मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्याकडे आले. चौधरी स्वतः घोडदळ-चिलखती दलातले अधिकारी होते. त्यांनी फौजेचे चार भाग केले. ‘स्ट्राइक’ तुकडी चपळ, मोटारींवर स्वार झालेली. ‘स्मॅश’ तुकडीत मुख्यतः रणगाडे आणि तोफा. उरलेल्या ‘किल’ आणि ‘वीर’ या तुकड्यांत पायदळ व इंजिनिअर. त्या काळी भारतीय चिलखती दलाची भिस्त दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या अमेरिकन शर्मन आणि हलक्या स्टुअर्ट रणगाड्यांवर होती. शर्मनचे वजन तीस टनांच्या आसपास, तोफ ७५ मिलिमीटरची.

पहिली कसोटी नळदुर्गला लागली. हा आदिलशाहीतला बुलंद भुईकोट. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधणाऱ्या कारागिरांनी इथे पाण्यालाच तटबंदीचा भाग केले होते. १९४८ मध्येही अडचण नदीचीच होती. सप्टेंबरात बोरीला पाणी असते, आणि सडकेवरचा पूल उडवला गेला असता तर रणगाड्यांची रांग काठावरच खिळून राहिली असती. तो उडवण्याची कामगिरी निझामाच्या नोकरीतल्या एका ब्रिटिश भाडोत्री अधिकाऱ्यावर सोपवलेली होती. सातव्या ब्रिगेडने अचानक झडप घालून पूल शाबूत ताब्यात घेतला आणि तो अधिकारी कैद झाला. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गचे मोर्चे मोडले. सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटला होते आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात, म्हणजे हद्दीच्या साठेक किलोमीटर आत. या मोहिमेचा निकाल बराचसा त्या एका पुलावर लागला, असे म्हणायला हरकत नाही.

तुळजापूरकडे गेलेल्या दुसऱ्या फळीचा अनुभव याची साक्ष देतो. तिथे हैदराबादचे पायदळ आणि निझामाच्या बाजूचे सुमारे दोनशे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, दोन तास लढले व शरण आले; पण पुढे लोहाऱ्याच्या वाटेवर नदीला पूर होता आणि चढाई तिथेच थांबली. शत्रूला दोन तासांत हटवणाऱ्या फौजेला पाण्यापुढे थांबावे लागले.

हैदराबादच्या फौजेकडे चिलखती मोटारी असल्या तरी रणगाडे रोखणारी साधने तोकडी होती. उरले ते जुनेच उपाय: दबा धरणे, गावातल्या घरांचा आडोसा घेणे, रस्त्यात सुरुंग पेरणे. १६ सप्टेंबरला जहिराबादच्या अलीकडे भूसुरुंगांचे एक क्षेत्र लागले आणि ते साफ होईपर्यंत सगळी रांग खोळंबली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला निझामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला सेनापती अल इद्रूस चौधरींना शरण आले. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

ही सडक एवढ्याच आठवणी सांगत नाही. मोहीम चालू असताना आणि संपल्यावर संस्थानात मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली आणि किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली. म्हणजे रणगाडे ज्या मुलखातून गेले त्याचा बराच भाग यात येतो. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. मोहिमेचा इतिहास त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

रणगाडा वाट असेल तिथवरच जातो, हे त्याच वर्षी एप्रिलमध्ये काश्मीरमध्ये एका कारवारी अधिकाऱ्याने अंगावर झेलून दाखवले होते. पुण्याजवळच्या खडकीत केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे नौशेरा–राजौरी मार्गावर रणगाड्यांपुढचे सुरुंग आणि रस्त्यातले अडथळे दिवसरात्र काढत राहिले. गोळीबार चुकवण्यासाठी ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत गेले आणि दोरीने चालकाला इशारे देत राहिले. त्यांना परमवीरचक्र मिळाले.

१९४८ मध्येच चिलखती दलाच्या विखुरलेल्या प्रशिक्षण संस्था अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एकत्र आल्या आणि आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. रणगाड्यावर बसणाऱ्या भारतीय सैनिकाची घडण तेव्हापासून इथे होते. १९९४ मध्ये नगरला रणगाडा संग्रहालय उघडले. दोन महायुद्धांपासूनची वाहने तिथे शेजारी शेजारी उभी आहेत आणि चिलखत कसकसे जाड, मग तिरपे होत गेले ते नुसत्या डोळ्यांना दिसते.

हैदराबादच्या फौजेतले एक नावही या दलात अजरामर झाले. पुण्यात शिकलेले अर्देशिर तारापोर हैदराबाद लान्सर्समध्ये होते. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्समध्ये आले आणि १९६५ मध्ये त्याच रेजिमेंटचे प्रमुख म्हणून सियालकोट आघाडीवर सेंच्युरियन रणगाडे घेऊन लढले. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्या वेळी लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. १९७१ मध्ये याच रेजिमेंटचे पुण्यात जन्मलेले अरुण खेतरपाल बसंतरच्या लढाईत २१ व्या वर्षी कामी आले. तिथेही सॅपर्सचे सुरुंग काढण्याचे काम अर्ध्यावर असताना पूना हॉर्सचे रणगाडे त्या क्षेत्रातून पुढे घुसले होते. तारापोर आणि खेतरपाल दोघेही परमवीरचक्राचे मानकरी.

रणगाड्यांची बांधणी चेन्नईजवळच्या आवडीला होते. साठच्या दशकात तिथे विजयंता सुरू झाला, पुढे टी-७२ ‘अजेय’, टी-९० ‘भीष्म’ आणि अर्जुन. पण त्यांचे दात आणि ढाल यांचा बराच भाग पुण्याचा आहे. अर्जुनची १२० मिलिमीटर तोफ पाषाणच्या एआरडीई या संस्थेने घडवली. अजेयवर बसवलेल्या स्फोटक विटा पुण्याच्याच एचईएमआरएल प्रयोगशाळेच्या. रणगाडाभेदी क्षेपणास्त्राच्या टोकातला स्फोट तांब्यासारख्या धातूची बारीक, अतिवेगवान धार पुढे फेकतो आणि ती जाड पोलाद भेदते. विटेत दोन पत्र्यांमध्ये स्फोटक असते. धार आदळताच ते फुटते आणि उडणारे पत्रे ती धार विस्कटून टाकतात. त्यावर तोड म्हणून क्षेपणास्त्रात एकामागे एक असे दोन स्फोट ठेवले गेले: पहिला विटेसाठी, दुसरा आतल्या चिलखतासाठी. २२ सप्टेंबर २०२० रोजी नगरच्या के. के. रेंजवर अर्जुनच्या तोफेतून असेच एक लेसर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र तीन किलोमीटरवरच्या लक्ष्यावर डागले गेले. ते एआरडीईने एचईएमआरएल आणि डेहराडूनच्या आयआरडीई यांच्या साहाय्याने विकसित केले. ढाल करणारी आणि ती फोडणारी संस्था एकच, हे या क्षेत्रात विसंगत नाही. आपली वीट कशाने फुटते हे ठाऊक असणाऱ्यालाच पुढची वीट नीट करता येते.

मात्र चिलखताची प्रत्येक भर वजनाच्या रूपाने पुलावर येते. टी-७२ चाळीस टनांच्या थोडा वर, अर्जुन साठच्या जवळ आणि त्याची सुधारित मार्क-१ए आवृत्ती ६८ टनांची. म्हणून पुण्यात दिघीला आर अँड डीई (इंजिनिअर्स) ही संस्था लष्करासाठी पूल तयार करते. तिचा ‘सर्वत्र’ पूल ट्रकवरून नेता येतो आणि १५ मीटरचे पाच टप्पे जोडून ७५ मीटरचे पात्र ओलांडतो. लडाखसारख्या उंच, पूल कच्चे असलेल्या भागासाठी वेगळाच मार्ग निवडला गेला: जुलै २०२४ मध्ये दाखवलेला ‘जोरावर’ हा रणगाडा केवळ २५ टनांचा, म्हणजे नळदुर्गच्या काळातल्या शर्मनपेक्षाही हलका आहे आणि तो पाण्यातूनही जाऊ शकतो.