रात्रीचे काम आणि न सापडणारा ड्राइव्ह : नाशिकच्या लघुउद्योगांतील संगणकव्यवहाराचा एक इतिहास

सातपूर आणि अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग उभे राहिले आणि गेल्या काही दशकांत त्यांच्या खतावण्यांची जागा हळूहळू संगणकाने घेतली. चलने, मालाची आवक-जावक आणि कामगारांची हजेरी एका सामाईक संगणकावर साठवायची, बाकीच्या टेबलांवरून तो साठा ‘झेड’सारख्या एखाद्या अक्षराने उघडायचा आणि रात्री त्याची प्रत आपोआप निघेल असे काम संगणकाला नेमून द्यायचे, ही पद्धत अशा कचेऱ्यांत रुळली. मात्र दिवसा हाताने चालवल्यावर बिनबोभाट होणारे हेच काम रात्री ‘मार्ग सापडला नाही’ असा शेरा मारून थांबते, आणि दोष बहुधा तारेला किंवा सर्व्हरला दिला जातो, जरी खरे कारण त्या अक्षराच्या इतिहासात असते.

साठ्याला अक्षराने ओळखण्याची रीत 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमच्या सीपी/सीएमएस प्रणालीत दिसते. तेथून ती सीपी/एममध्ये आणि 1981 मध्ये डॉसमध्ये आली. दुसऱ्या संगणकावरील फोल्डर जाळ्यातून वापरण्याचा एसएमबी हा संकेत 1980 च्या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी रचला, आणि त्या दूरच्या फोल्डरलाही तेच जुने अक्षर देणे म्हणजे ‘ड्राइव्ह मॅप करणे’ होय. ठरल्या वेळी काम सुरू करण्याची परंपरा वेगळ्या घराण्यातली आहे : युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ होता, तर विंडोजमध्ये ही सोय 1995 मध्ये ‘सिस्टम एजंट’ नावाने आली आणि विंडोज 98 पासून ‘टास्क शेड्युलर’ म्हणून परिचित झाली.

या दोन परंपरांचा मेळ बिघडला तो सुरक्षेच्या पायी, आणि तो बदल आवश्यकच होता. विंडोज एक्सपीपासून मॅप केलेले अक्षर साऱ्या यंत्राचे न राहता त्या-त्या लॉगइनचे, म्हणजे वापरकर्त्याच्या त्या वेळच्या प्रवेशाचे, झाले. व्हिस्टामध्ये, म्हणजे 2007 पासून, सेवांना वापरकर्त्यांपासून आणखी वेगळे करण्यात आले आणि प्रशासकाचा वाढीव अधिकार घेऊन चालणाऱ्या कामालाही त्याच माणसाचे नेहमीचे ड्राइव्ह दिसेनासे झाले. त्यामुळे दिवसा लेखापालाने जोडलेला ‘झेड’ रात्रीच्या कामाच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

निदानाची खरी सुरुवात म्हणूनच काम कोणाच्या नावाने चालते या प्रश्नापासून होते. प्रत काढणाऱ्या बॅच फाइलच्या आरंभी ‘हूअॅमआय’ आणि ‘नेट यूज’ या आज्ञांचे उत्तर एका नोंदफाइलमध्ये लिहून घेतले, तर सकाळी त्या दोन-चार ओळींत खाते कोणते होते आणि जोडलेले ड्राइव्ह कोणते, हे उघड होते. खाते ‘सिस्टम’ (खुद्द यंत्राचे अंतर्गत खाते) असेल तर डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरवर सर्वांची खाती सांभाळणाऱ्या जाळ्यात, ते संगणकाच्या नावाने वावरते. पण लहान कारखान्यांत बहुधा डोमेन नसते, आणि तेथे सर्व्हर त्याला अनोळखी समजून नाकारतो. नेमून दिलेल्या कामाच्या मांडणीत ‘पासवर्ड साठवू नये’ ही खूण केलेली असल्यास कामाला फक्त त्याच यंत्रावरील साधने मिळतात, ही बाब फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

अक्षराऐवजी ‘\\सर्व्हर\हिशेब’ असा पूर्ण मार्ग लिहिणे, या कामापुरते स्वतंत्र खाते दोन्ही यंत्रांवर एकाच पासवर्डने उघडणे आणि त्याला त्या फोल्डरचीच परवानगी देणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो. भारनियमनाच्या काळात यंत्र बंद राहून चुकलेले काम वीज आल्यावर सुरू व्हावे यासाठी व्हिस्टापासून वेगळा पर्याय आहे, तोही निवडावा. जुन्या उपकरणांबाबत आणखी एक सावधगिरी हवी : 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर संगणकविषाणूच्या हल्ल्यात एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील उणीव वापरली गेली, आणि त्याच वर्षीच्या शरदातील विंडोज 10 पासून ती आवृत्ती नव्या स्थापनेत मुळातच बसवली जात नाही, तेव्हा केवळ तीच जाणणारा साठा बदलणे योग्य, ती आवृत्ती पुन्हा चालू करणे नव्हे.