रुमालाखालचा भाव, हुंडी आणि चोरीला गेलेला फोन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावर काष्टी हे गाव आहे. तेथील शनिवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. जनावरांच्या बाजारांत सौद्याची एक जुनी रीत आहे. घेणारा आणि विकणारा हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसे उभी असतात. कोणत्या बोटाचा काय अर्थ, हे त्यांतल्या पुष्कळांना माहीत असते. तरीही भाव कोणाला कळत नाही. रीत सर्वांची, गुपित मात्र दोघांचे! ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

याच बाजाराच्या गर्दीत आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांच्या खिशातून फोन गेला. फोनच्या किमतीचे त्यांना फारसे वाटले नाही. त्यांना झोप लागेना ती आतल्या ऐवजामुळे. वर्गातील मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी क्रमांक, सहलीची छायाचित्रे, गुणांचे तक्ते आणि स्वतःचे बँकेचे खाते, सगळे त्या एका डबीत होते. पुढे रीतसर तक्रार करून त्यांनी तो फोन सरकारी पोर्टलवरून बंद करवला आणि आम्हाला विचारले, "फोन बंद झाला, म्हणजे आतली माहितीही सुरक्षित झाली ना?"

या प्रश्नाला आम्हाला सरळ 'हो' म्हणता आले नाही. वस्तू चोरीला जाणे आणि वस्तूतले मोल चोरीला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांवरचे उपायही निराळे आहेत आणि ते निराळ्या काळी शोधले गेले. ते कसे, हे थोडक्यात पाहू या.

कागद गेला तरी पैसा राहावा

हा प्रश्न फोनपेक्षा पुष्कळ जुना आहे. पूर्वी पुण्याचा सावकार काशीला रक्कम पाठवायची झाली तर रुपयांच्या थैल्या पाठवत नसे, हुंडी पाठवी. पण हुंडी म्हणजे कागद. तो वाटेत हरवला किंवा कोणी पळवला तर? सावकारांनी यावर सुरेख तोड काढली होती. मूळ हुंडी गहाळ झाली की तिची दुसरी प्रत काढता येई. तिला 'पेठ' म्हणत. तीही गहाळ झाली तर तिसरी प्रत, म्हणजे 'परपेठ'. एका प्रतीवर पैसे दिले गेले की बाकीच्या आपोआप निकामी ठरत. शिवाय 'शाहजोग' हुंडीची रक्कम कागद घेऊन येणाऱ्या कोणत्याही माणसाला मिळत नसे. बाजारात पत असलेल्या 'शाहा'लाच ती मिळे.

हुंडीत रक्कम लिहिण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. नुसते 'रुपये १००' लिहून भागत नसे. शंभराचे निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर, अशी ती फिरवून लिहीत. एखाद्याने एक आकडा बदलला तर बाकीचे त्याच्याशी जुळणार नाहीत आणि लबाडी उघडी पडेल. सावकारांचे धोरण असे, की कागद चोराच्या हाती पडू शकतो हे गृहीतच धरायचे आणि त्याला कागदावाचून काही मिळू नये अशी व्यवस्था करायची.

हेच तत्त्व १८८३ साली ऑग्युस्त केरखॉफ्स या भाषापंडिताने लष्करी सांकेतिक लिपीसाठी मांडले. त्याचे म्हणणे असे, की सांकेतिक यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. यंत्रणा गुप्त असण्यावर भिस्त ठेवू नये, गुप्त असावी ती फक्त किल्ली. काष्टीच्या बाजारातला रुमाल आठवला ना? बोटांची रीत जाहीर आहे, त्या वेळी दाबलेली बोटे तेवढी गुप्त आहेत. चोरीला गेलेला फोन ही नेमकी शत्रूच्या हाती पडलेली यंत्रणा होय.

पहिले कुलूप : सिम

१ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएम पद्धतीच्या फोनसेवेचा आरंभ झाला. या पद्धतीत ग्राहकाची ओळख फोनमध्ये न ठेवता एका लहान कार्डात, म्हणजे सिममध्ये ठेवली होती. सिममध्ये एक गुप्त संख्या असते आणि तिची दुसरी प्रत कंपनीकडे असते. फोन जाळ्याला जोडला जाताना कंपनी एक यादृच्छिक संख्या पाठवते. सिम ती संख्या आपल्या गुप्त संख्येशी गणिताने मिसळते आणि फक्त उत्तर परत पाठवते. गुपित कार्डाबाहेर पडतच नाही. शिवाय सिमला पिन लावता येतो. तो तीनदा चुकला की सिम अडते आणि आठ अंकी पीयूके क्रमांकावाचून उघडत नाही.

भारतात पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळात फोनमध्ये फार तर नावे आणि क्रमांक असत. चोराने आपल्या खर्चाने बोलू नये, एवढीच ग्राहकाची काळजी होती आणि तिला सिम पुरेसे होते. पुढे बँकांनी ओळख पटवण्यासाठी याच क्रमांकावर ओटीपी पाठवायला सुरुवात केली. २०१६ साली यूपीआय आले. सिम आता तिजोरीच्या किल्ल्यांपैकी एक झाले. पण सिमचा पिन लावण्याची सवय आपल्याला लागलीच नाही! चोराने ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात.

दुसरे कुलूप : यंत्राचा क्रमांक

प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. त्याचे पहिले चौदा अंक ओळखीचे आणि पंधरावा तपासणीचा. ही तपासणीची युक्ती हान्स पीटर लून या आयबीएममधील संशोधकाची. त्याने तिच्या पेटंटसाठी १९५४ साली अर्ज केला होता. युक्ती सोपी आहे. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे समस्थानचे अंक दुप्पट करायचे. दुप्पट दोन अंकी झाली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची. मग सर्व पंधरा अंकांची बेरीज दहाने नि:शेष भागली गेली पाहिजे. वर्गात हा प्रयोग अवश्य करून पाहावा. हुंडीतल्या 'निमे' आणि 'दुप्पट' यांची ही दूरची बहीणच म्हणायची. फरक एवढाच, की ती लबाडी पकडण्यासाठी होती, ही नजरचूक पकडण्यासाठी आहे.

आयएमईआय म्हणजे गुरांच्या कानातला बिल्ला. आज बाजारातल्या जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला दिसतो. महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून त्याशिवाय खरेदी-विक्री करू नये असे ठरवले. बिल्ल्यावरून जनावर कोणते हे कळते, पण बिल्ला कापता येतो. तसाच आयएमईआय खोडून नवा घालणारेही निघाले. म्हणून २०१७ साली केंद्र सरकारने नियम करून हा क्रमांक बदलण्यास मनाई केली.

पुढचे पाऊल महाराष्ट्रातच पडले. चोरीच्या फोनचे क्रमांक देशभरातील सर्व कंपन्यांना एकाच ठिकाणाहून कळावेत, यासाठी 'सीईआयआर' ही मध्यवर्ती नोंदवही उभारली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचे पोर्टल मुंबईत सुरू झाले, ते आधी महाराष्ट्रातील ग्राहकांसाठी. त्यानंतर वर्षाअखेर दिल्लीची पाळी आली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' पोर्टलबरोबर ही सोय देशभर झाली. या नोंदवहीत क्रमांक गेला की तो फोन कोणत्याही सिमवर चालत नाही. चोरीचा माल विकणे अवघड होते आणि फोन परत मिळण्याची शक्यताही वाढते.

पण येथेच आमच्या शिक्षकमित्रांची गल्लत झाली होती. ही नोंदवही फोनला जाळ्याबाहेर काढते, फोनच्या पोटातल्या माहितीला ती हात लावत नाही. बंद केलेला फोन वायफायवर चालू शकतो, तारेने संगणकाला जोडता येतो. बिल्ल्याची नोंद झाली म्हणून गोठ्याचे दार बंद होत नाही.

तिसरे कुलूप : माहितीचे सांकेतिकरण

पोटातली माहिती राखणारे कुलूप सर्वांत उशिरा आले. २००१ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने एईएस ही सांकेतिकरणाची पद्धत स्वीकारली. योआन डेमन आणि विन्सेंट राइमन या बेल्जियन संशोधकांची ही पद्धत पहिल्यापासून जाहीर आहे, कोणीही वाचावी. केरखॉफ्सला ती आवडली असती. २००९ च्या आयफोनमध्ये सांकेतिकरणाची सोय यंत्रातच बसवली गेली. अँड्रॉइडमध्ये ती २०११ साली आली. तरी ती आपोआप आणि सर्वांसाठी व्हायला आणखी काही वर्षे गेली. २०१४ आणि २०१५ च्या आवृत्त्यांपासून नव्या फोनांत ती रूढ होऊ लागली.

हे कुलूप चालते कसे? फोनच्या चिपमध्ये एक लांबलचक गुप्त संख्या कोरलेली असते. आपला पिन आणि ती संख्या यांच्या मिश्रणातून किल्ली तयार होते. त्यामुळे आतली स्मृती काढून दुसऱ्या संगणकावर वाचायचा प्रयत्न केला तर निरर्थक अंक हाती येतात. चोराला उरतो एकच मार्ग, त्याच फोनवर पिन ओळखत बसणे. येथे थोडे गणित करू. आयफोनमध्ये एका प्रयत्नाला मुद्दाम सुमारे ८० मिलिसेकंद लागावेत अशी योजना आहे. चार अंकी पिन दहा हजार. यंत्राने एकामागून एक प्रयत्न केले तर ८०० सेकंद, म्हणजे चौदा मिनिटेही लागत नाहीत. सहा अंकी पिन दहा लाख. वेळ सुमारे २२ तास. लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून सहा स्थानांचा परवलीचा शब्द घेतला तर सगळे पर्याय पाहायला साडेपाच वर्षे! म्हणूनच चुकीच्या पिनानंतर फोन आपल्याला अधिकाधिक वेळ थांबवतो. तो त्रास आपल्याच भल्यासाठी असतो.

दूरवरून माहिती पुसणेही यामुळेच शक्य झाले. फोन सारी माहिती खरवडत बसत नाही, तो फक्त किल्ली नष्ट करतो. किल्ली वितळवली की कोठार असून नसल्यासारखे. मात्र आज्ञा पोहोचण्यासाठी फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला हवा. आणि फोन उघडा असतानाच हिसकावला, किंवा चोराने आधी मागे उभे राहून पिन पाहिला, तर हे सारे गणित व्यर्थ आहे. रुमालच बाजूला झाल्यावर भाव कसा लपणार?

मग करायचे काय?

तीन कुलपे ध्यानात आली की कामाचा क्रम आपोआप सुचतो. शक्य तर दोघांनी एकाच वेळी कामाला लागावे. एकाने दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या खात्यात शिरून हरवलेला फोन दुरून कुलूपबंद करावा आणि महत्त्वाची खाती त्यातून बाहेर काढावीत. परत मिळण्याची आशा नसेल तर माहिती पुसण्याची आज्ञा द्यावी. पुसल्यावर अनेक फोनांचा ठावठिकाणा मिळणे थांबते, हे मात्र लक्षात घ्यावे. दुसऱ्याने सिम कंपनीला आणि बँकेला कळवावे. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. बँकेला कळवण्याची वेळ महत्त्वाची असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे, असे तत्त्व घालून दिले होते. यानंतर पोलिसांत तक्रार, त्याच क्रमांकाचे नवे सिम आणि मग सीईआयआर. त्यासाठी आयएमईआय लागतो. तेव्हा तो आजच वहीत उतरवून ठेवावा. फोनमध्येच लिहून ठेवला तर फोनबरोबर तोही जाईल!

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क आपल्या वर्गातल्या मुलांनाही आहे आणि त्यांच्या माहितीचे आपण केवळ राखणदार आहोत. आमच्या शिक्षकमित्रांच्या फोनला सहा अंकी पिन होता, त्यामुळे मुलांची माहिती बहुधा बचावली. नव्या फोनमध्ये त्यांनी अक्षरे आणि अंक मिसळून परवलीचा शब्द ठेवला, सिमला पिन लावला आणि मुलांचे आधार क्रमांक फोनमध्ये ठेवणेच बंद केले. ते आता शाळेच्या कपाटातल्या नोंदवहीत आहेत. जुने सावकार तरी दुसरे काय करत? बाजारात जाताना ते हुंडी नेत, तिजोरी नव्हे.