जिन्याचा खर्च कोणाचा?

इ. स. १७२० च्या डिसेंबरांत फ्रान्समधील रेन या शहरास आग लागून जुन्या गांवांतील शेंकडों लांकडी घरें भस्म झालीं. पुढें त्या जागीं रुंद रस्ते झाले, दगडी दर्शनाच्या उंच इमारती उठल्या, आणि पूर्वीं ज्यांचें स्वतंत्र घर होतें अशा पुष्कळांच्या वांट्यास आतां एका इमारतीचा केवळ एक मजला आला. एका छपराखालीं चार मालक! तें छप्पर गळूं लागलें तर गवंड्याची मजुरी कोणीं द्यावी?

मालकीच्या कागदांत कांहीं ठरलेलें नसेल तेव्हां काय करावें, हें १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेनें ६६४ व्या कलमांत सांगितलें. मुख्य भिंती व छप्पर यांचा भार सर्वांनीं आपापल्या मजल्याच्या किंमतीप्रमाणें उचलावा. ज्या जमिनीवर ज्याचे पाय पडतात ती ज्याची त्यानें राखावी. जिन्याची वांटणी मात्र मोठी मौजेची होती. पहिल्या मजल्याच्या मालकानें आपल्या दारापर्यंतचा जिना करावा, दुसऱ्यानें तेथून पुढचा, तिसऱ्यानें त्याच्याहि पुढचा. म्हणजे सर्वांत वरचा गृहस्थ रोज सारे जिने झिजवी, आणि त्याच्या अंगावर खर्च येई तो शेवटच्या एका टप्प्याचा. ज्याच्या पायऱ्या वरचे सगळे शेजारी तुडवीत, त्या पहिल्या मजल्यावाल्यास संहितेनें कांहींच दिलासा दिला नव्हता.

याहून मोठें वैगुण्य निराळेंच होतें. कोणीं किती द्यावें हें कलम सांगे. दुरुस्ती केव्हां करावयाची, गवंडी कोणीं बोलवावयाचा, आणि एकानें हात आंखडता घेतला तर पुढें काय, याविषयीं तें मुकें होतें. छपराचें पाणी वरच्याच्या अंथरुणावर पडे. तळमजल्यावाल्यास त्याची घाई कां असावी?

२८ जून १९३८ च्या कायद्यानें हें कलम रद्द झालें. निराळी व्यवस्था नसेल तेथें इमारतीचे सर्व मालक आपोआप एका मंडळाचे घटक ठरले, आणि बहुमताचा निर्णय सर्वांस बंधनकारक झाला. पुढें १९६५ च्या कायद्यानें खर्चाचेहि दोन भाग पाडले. इमारतीच्या रक्षणाचा खर्च प्रत्येकाच्या मालमत्तेच्या मूल्याप्रमाणें. लिफ्टसारख्या सोयींचा मात्र ज्याला जितका उपयोग तितका. त्यामुळें तळमजल्यावरचा मालक लिफ्टच्या खर्चांतून बहुधा सुटतो.

महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनीं याच प्रश्नास नेमकें उलट उत्तर दिलें आहे. लिफ्टचा खर्च त्या इमारतींतील सर्व सभासदांवर सारखा, मग कोणी तींत पाऊल ठेवो वा न ठेवो. गच्चीची व बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेनें पाहावी, घरांतल्या न्हाणीची ज्याची त्यानें. ओल नक्की कोठून आली, हें मात्र भिंत फोडल्यावांचून पुष्कळदां कळत नाहीं.