नागपुरातील होमिओपॅथी : नोंदणी आणि पडताळणी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. पुढे येथील होमिओपॅथी व्यवसाय १९५९ च्या मुंबई होमिओपॅथिक व्यवसायी अधिनियमाखाली आला. त्यात चिकित्सकाची नोंदणी होती, उपचाराच्या गुणाची पडताळणी नव्हती. हानेमानप्रणीत पद्धतीत औषध व्यक्तिपरत्वे बदलते : जागरण व उत्तेजक पेयांनंतरच्या अपचनावर नक्स व्होमिका (कोकणात परिचित काजऱ्याचे विषारी बी, अर्थात अतिविरल), तर सायंकाळी पोट फुगणाऱ्यास लायकोपोडियम. त्यामुळे चाचणी अवघड होते, अशक्य मात्र नव्हे. आय.बी.एस. या आतड्याच्या कार्यात्मक विकारावरील २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत चारच चाचण्या आढळल्या. त्यांतून उपयुक्तता सिद्ध झाली नाही. हा विकार आपोआपही कमी-अधिक होतो. शिवाय होमिओपॅथीतील दीर्घ विचारपूसही रुग्णास दिलासा देऊ शकते.